छातीच्या सीटीतला नॉइज कमी करताना बारीक तपशील कसा राखायचा

कमी डोसचा छातीचा सीटी पहिल्यांदा हाती आलेला विद्यार्थी बहुधा एकच काम करतो. गाउसियन फिल्टर (शेजारच्या पिक्सेलची वजन देऊन सरासरी काढणारा) लावतो, चित्र गुळगुळीत झालेले पाहून खूश होतो आणि रिपोर्टात 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन चित्रे शेजारीशेजारी चिकटवतो. 'नंतर'च्या चित्रातून नॉइजबरोबर, म्हणजे रव्यासारख्या दिसणाऱ्या चढउताराबरोबर, आणखी काय गेले, हे ना तो विचारतो, ना त्याचे गाइड. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्याच प्रश्नासाठी आहेत. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारे, नुकतेच इमेजिंगच्या कामाला लागलेले आणि ड्युटी सांभाळून पायथन शिकणारे सीटी टेक्निशियन, अशा नवख्या वाचकांसाठी तो लिहिला आहे. उदाहरण छातीच्या सीटीचे आहे. एमआरआय आणि सोनोग्राफीचे नियम वेगळे, त्यांच्याबद्दल शेवटी थोडेसे.

पायरी १ : नॉइज कुठून येतो ते समजून घ्या

डिटेक्टरवर एक्स-रेचे फोटॉन मोजले जातात आणि मोजणीत चढउतार असतोच. १०० फोटॉन अपेक्षित असतील तर साधारण १० चा फरक पडतो, म्हणजे १० टक्के. १०,००० अपेक्षित असतील तर फरक १०० चा, म्हणजे १ टक्का. यावरून हिशेब सरळ आहे: डोस चौथाई केला की नॉइज दुप्पट होतो. स्लाइसच्या जाडीलाही तोच नियम. ५ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटरची स्लाइस बनवली, तर बाकी सगळे तेच ठेवून नॉइज सुमारे २.२ पट वाढतो.

मग डोस कमी करायचाच कशाला? अमेरिकेतल्या नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायलचे निकाल २०११ मध्ये आले. ५३ हजारांहून अधिक सध्याचे आणि पूर्वीचे धूम्रपान करणारे लोक त्यात होते, आणि छातीच्या साध्या एक्स-रेच्या तुलनेत कमी डोसच्या सीटीमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. त्या सीटीचा डोस सरासरी १.५ मिलिसिव्हर्ट होता; निदानासाठीच्या नेहमीच्या छातीच्या सीटीला तेव्हा ८ च्या आसपास लागत. धडधाकट माणसाला दरवर्षी तपासणीला बोलवायचे तर डोस असा खालीच ठेवावा लागतो. चित्रातला रवाळपणा ही त्याची ठरवून मोजलेली किंमत आहे.

आणखी एक गोष्ट पुढे पावलोपावली आडवी येणार आहे. पाठ्यपुस्तकातला नॉइज प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र असतो, सीटीतला तसा नसतो. रिकन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे मोजणीतून चित्र रचताना, शेजारचे पिक्सेल एकमेकांत गुंततात, त्यामुळे नॉइजला स्वतःचा पोत येतो, त्याचे लहानमोठे पुंजके दिसतात. खांद्यांच्या पातळीवर हाडांमधून आडवे जाणारे किरण फार क्षीण होतात, म्हणून तिथे आडव्या रेघा उमटतात. शरीराच्या मध्यभागी नॉइज जास्त, कडेला कमी. 'सिग्मा (नॉइजचे स्टँडर्ड डेव्हिएशन) बरोबर २५' असा एकच आकडा अख्ख्या स्कॅनला लावणे ही म्हणूनच सोय आहे, वस्तुस्थिती नव्हे.

पायरी २ : फाइल नीट उघडा

पायडायकॉम या पायथन लायब्ररीने डायकॉम (वैद्यकीय चित्राची) फाइल उघडल्यावर चित्राच्या आधी हेडर वाचा. कन्व्हॉल्यूशन कर्नल (रिकन्स्ट्रक्शनमध्ये वापरलेला फिल्टर) हा टॅग ००१८,१२१० वर मिळतो, स्लाइसची जाडी ००१८,००५० वर. कर्नल मऊ असेल तर नॉइज ठसठशीत पुंजक्यांचा, धारदार असेल तर बारीक आणि टोचणारा. सीमेन्सच्या जुन्या यंत्रांत बी३०एफ मऊ आणि बी७०एफ धारदार. नावाची सुरुवात 'बी'ऐवजी 'आय'ने होत असेल तर चित्र इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शनमधून (फेरीफेरीने सुधारत चित्र रचण्याच्या पद्धतीतून) आलेले आहे, म्हणजे यंत्राने त्यातला नॉइज आधीच एकदा उतरवलेला आहे. उतरवलेल्यावर पुन्हा उतरवायला गेलात तर फुप्फुस मेणाचे दिसते.

स्लाइस फाइलच्या नावानुसार लावू नका, इमेज पोझिशन पेशंट या टॅगमधल्या झेड किमतीनुसार लावा. नावातला '१०' हा '२' च्या आधी येतो आणि छाती शफल झालेली कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग रीस्केल स्लोप आणि इंटरसेप्ट लावून हाउन्सफील्ड युनिटमध्ये या: पाणी ०, हवा −१०००. इंटरसेप्ट बहुधा −१०२४ असतो. तो विसरलात तर सगळे आकडे तेवढ्यानेच चुकतील. काही यंत्रांच्या फाइलींत स्कॅनच्या वर्तुळाबाहेरच्या कोपऱ्यांत −२००० भरलेले असते, ते फिल्टरआधी −१०२४ करून टाका. सगळा हिशेब ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवा. ५१२ गुणिले ५१२ च्या ३०० स्लाइस म्हणजे जेमतेम ३०० एमबी, साधा लॅपटॉपही पेलतो.

फुप्फुसासाठी विंडोची (पडद्यावर दाखवायच्या पल्ल्याची) रुंदी १५०० आणि मध्य −६०० ठेवतात, मध्यछातीसाठी रुंदी ४०० आणि मध्य ४०. विंडो फक्त डोळ्यांसाठी आहे. विंडो लावून ८ बिटांत आणलेल्या, वर जेपेग केलेल्या चित्रावर फिल्टर चालवणारे प्रोजेक्ट आजही दिसतात. १५०० युनिट २५६ पायऱ्यांत कोंबले की एक पायरी जवळपास ६ युनिटांची होते, आणि जेपेगने आपला नॉइज घातलेला असतो तो वेगळाच.

सरावासाठी डेटा हवा असेल तर द कॅन्सर इमेजिंग अर्काइव्हवर मेयो क्लिनिकचा लो डोस सीटीचा संग्रह आहे. त्यात त्याच रुग्णाचा नेहमीच्या डोसचा स्कॅन आणि त्यावरून कॉम्प्युटरने नॉइज घालून तयार केलेला कमी डोसचा स्कॅन, अशी जोडी मिळते. डोके आणि पोटासाठी डोस २५ टक्के, छातीसाठी १० टक्के. दोन्ही एकाच श्वासातले असल्याने पिक्सेलला पिक्सेल जुळतो, आणि हे सुख खऱ्या रुग्णाला दोनदा स्कॅन करून मिळत नाही. १० टक्के डोस म्हणजे नॉइज अंदाजे ३.२ पट, हे पायरी १ वरून तुम्हीच काढू शकता.

पायरी ३ : नॉइज मोजा

छातीत मोजायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे खाली उतरणारी महाधमनी. तिच्या मध्ये सेंटिमीटरभर व्यासाचे वर्तुळ आखा, भिंत आणि कॅल्शियमचे ठिपके टाळा, स्टँडर्ड डेव्हिएशन घ्या. एका स्लाइसवर विसंबू नका, चारपाच स्लाइसमध्ये मोजा. खांद्यांच्या पातळीवर पाठीच्या स्नायूत आणि खाली यकृतातही मोजून ठेवा. तिन्ही आकडे एकमेकांपासून किती लांब आहेत ते पाहिले की 'एकच सिग्मा' किती खोटा आहे ते कळेल.

दोन जागा टाळायच्या. एक श्वासनलिका: तिथली हवा −१००० च्या आसपास असते आणि बरीच यंत्रे −१०२४ च्या खालचे आकडे कापतात, म्हणून चढउताराची खालची बाजू गायब होते आणि नॉइज आहे त्यापेक्षा कमी दिसतो. दुसरी फुप्फुसाचा मांसल भाग: तिथे जो चढउतार दिसतो त्यातला बराचसा बारीक रक्तवाहिन्यांचा असतो, आणि तोच तर आपल्याला राखायचा आहे.

सायकिट-इमेज या पायथन लायब्ररीत सिग्माचा अंदाज काढून देणारे तयार फंक्शन आहे. ते नॉइज प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र आहे असे धरून चालते, त्यामुळे मऊ कर्नलच्या सीटीवर ते खराखुरा नॉइज कमी सांगते. महाधमनीतल्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय ते वापरू नका.

पायरी ४ : गाउसियन काय करतो, हे एकदा कागदावर मांडा

समजा चित्राची रुंदी ३५० मिलिमीटर आहे, म्हणजे एक पिक्सेल ०.६८ मिलिमीटरचा. १.५ पिक्सेल सिग्माचा गाउसियन लावला, म्हणजे जवळपास १ मिलिमीटर. पिक्सेल स्वतंत्र असते तर नॉइज पाचव्या हिश्शाच्याही खाली आला असता; सीटीत तेवढा येत नाही, पण बराच येतो. आता तपशिलाचे बघू. ४ मिलिमीटर व्यासाच्या गोल ठिपक्याचा मध्यबिंदू ८५ टक्के उंचीवर राहतो. २ मिलिमीटरच्या रक्तवाहिनीचा आडवा छेद मात्र ३८ टक्क्यांवर येतो. नॉइज गेला आणि निम्म्याहून अधिक रक्तवाहिनीही गेली. गाठीची कडही पसरते, आणि कडेचे दुखणे इथे साधे नाही: फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६ मिलिमीटर ही रेघ आहे, कमी जोखमीच्या माणसाला तिच्याखालच्या एकट्या घन गाठीसाठी एरवी पुन्हा बोलवत नाहीत. फिल्टरने माप अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे केले तर माणूस रेघेच्या दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो.

मीडियन फिल्टरचे गुणगान प्रत्येक ट्यूटोरियलमध्ये असते. काळ्यापांढऱ्या तुरळक ठिपक्यांवर तो उत्तम, पण सीटीत तसा नॉइज नसतोच. ३ गुणिले ३ च्या खिडकीत एक पिक्सेल रुंदीची रेघ ९ पैकी ३ पिक्सेल व्यापते, म्हणजे मतदानात हरते आणि पुसली जाते. फुप्फुसाच्या दोन खंडांमधली पातळ फट चित्रात अशीच रेघ असते.

पायरी ५ : कड ओळखणारा फिल्टर निवडा

इथे पर्याय भरपूर आहेत. पेरोना आणि मलिक यांनी १९९० मध्ये मांडलेले अनायसोट्रॉपिक डिफ्यूजन थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये बटणावर मिळते; पहिल्या प्रयत्नाला ५ फेऱ्या, टाइम स्टेप ०.०६२५ आणि कंडक्टन्स १ ठेवा. टाइम स्टेप वाढवू नका, त्रिमितीत त्यापुढे गणित डगमगते. तोमासी आणि मंडुची यांचा बायलॅटरल फिल्टर १९९८ चा. तो समजायला सोपा, पण जास्त नॉइजमध्ये एकेकटे टोकाचे पिक्सेल तो तसेच सोडतो, कारण त्याला ते 'कड' वाटतात. टोटल व्हेरिएशन १९९२ चे. त्याने फुप्फुस सपाट रंगांच्या ठिगळांचे दिसायला लागते, आणि ते एकदा दिसले की पुन्हा पाहावत नाही.

नवख्याने सुरुवात नॉन लोकल मीन्सपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्युआडेस, कोल आणि मोरेल यांनी २००५ मध्ये तो मांडला. एका पिक्सेलभोवतीचा छोटा तुकडा घ्यायचा, आसपासच्या परिसरात त्यासारखे दिसणारे तुकडे शोधायचे आणि जितके साम्य तितके वजन देऊन सरासरी काढायची. त्यामुळे रक्तवाहिनीची सरासरी रक्तवाहिनीशीच होते. सायकिट-इमेजमध्ये तुकडा ३ किंवा ५ पिक्सेलचा ठेवा, शोधाचे अंतर ५ ते ७, आणि एच ही फिल्टरचा जोर ठरवणारी किंमत मोजलेल्या सिग्माच्या ०.६ ते ०.८ पट. सीटीतला नॉइज पुंजक्यांचा असल्याने फिल्टर कधीकधी पुंजक्यालाच रचना समजतो आणि जपून ठेवतो. तसे दिसले तर एच थोडा वाढवा. तुकडा मोठा केल्याने चित्र सुंदर होते आणि लहान गाठींना जोडीदार सापडेनासा होतो, म्हणून मोह आवरा.

स्लाइस १ मिलिमीटरची असेल तर फिल्टर त्रिमितीत चालवा, कारण शेजारच्या स्लाइसमध्ये खरीखुरी उपयोगी माहिती असते. ५ मिलिमीटरची असेल तर द्विमितीतच थांबा. तेवढ्या अंतरात रक्तवाहिनी जागा बदलून बसलेली असते.

फिल्टर झाल्यावर ७० टक्के फिल्टर केलेले आणि ३० टक्के मूळ चित्र मिसळून पाहा. रेडिओलॉजिस्टची नजर थोड्या रव्याला सरावलेली असते, पूर्ण गुळगुळीत चित्रावर तिचा विश्वास बसत नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपन्याही असे टक्केवारीचे मिश्रण देतात, ते उगाच नव्हे.

पायरी ६ : जे काढले ते बघा

घाई करायचीच तर दुसरीकडे करा, इथे नको. मूळ चित्रातून फिल्टर केलेले वजा करा आणि उरलेला फरक −१०० ते +१०० च्या विंडोत पाहा. तिथे नुसता रवा दिसायला हवा. बरगड्यांच्या कडा, रक्तवाहिन्यांच्या फांद्या, फटीची रेघ यांतले काहीही ओळखू आले तर ते तुमच्या चित्रातून गेलेले आहे, तुमचा आकडा काहीही म्हणो.

फरकाचे चित्र सगळीकडे सारखे नसेल, त्याने घाबरू नका. खांद्यांपाशी रवा जाड असणार, आडव्या रेघा असणार, कारण नॉइजच तिथे जास्त होता. ओळखायचा तो शरीररचनेचा आकार. एका स्लाइसवर समाधान मानू नका, गळ्यापासून डायफ्रॅमपर्यंत स्क्रोल करा. सरकत्या चित्रात डोळ्याला रक्तवाहिनीची सलगता पटकन दिसते, थांबलेल्या चित्रात तीच निसटते.

सोबत सरासरीही तपासा. महाधमनीची सरासरी आधी ४० असेल तर नंतरही ४० हवी. दोनतीन युनिटांपलीकडे सरकली तर कुठेतरी कापाकापी किंवा गोलाकार करण्याची चूक आहे.

पायरी ७ : बनावट गाठ पेरा

कड राखणारे सगळे फिल्टर ठळक कड राखतात. फुप्फुसातली घन गाठ भोवतालापेक्षा आठशे-नऊशे युनिटांनी उजळ असते, तिला कोणीही हात लावत नाही. काचेवर धरलेल्या धुरकटपणासारखी दिसणारी, ग्राउंड ग्लास म्हणतात ती गाठ जेमतेम शंभर-दोनशे युनिटांनी उजळ असते, आणि जोरात नॉइज असेल तर फिल्टर तिला नॉइजच समजतो. म्हणून एका ठळक वस्तूवर 'तपशील राखला' हे सिद्ध करून काहीच सिद्ध होत नाही.

उपाय स्वस्त आहे. मूळ नॉइजवाल्या स्कॅनमध्ये, फुप्फुसाच्या मोकळ्या जागी, मऊ कडेचा ४ मिलिमीटरचा गोळा बेरीज करून टाका: एकदा ८०० युनिटांचा, एकदा २०० चा, एकदा १०० चा. गोळ्यासह आणि गोळ्याविना, दोन्ही स्कॅन त्याच सेटिंगने फिल्टर करा आणि वजा करा. टाकलेल्यापैकी किती उरले ते समोर येते. ८०० चा गोळा जवळपास पूर्ण आणि १०० चा निम्मा उरला, तर एच कमी करायचा की नाही हा निर्णय तुमचा, पण आता तो डोळे उघडे ठेवून घेतलेला असेल. जागा बदलून, खांद्याजवळ आणि तळाशी, हाच प्रयोग पुन्हा करा.

पायरी ८ : पीएसएनआर आणि एसएसआयएम बेताने वापरा

पीएसएनआर संदर्भचित्राच्या तुलनेत सरासरी चूक मोजतो, एसएसआयएम रचनेचे साम्य. मेयोच्या जोडीसारखे संदर्भचित्र असेल तरच हे आकडे निघतात. त्यातही दोन खोड्या आहेत. एक, शरीराबाहेरची हवा आणि टेबल धरून हिशेब केला तर आकडा आपोआप फुगतो. फुप्फुसाचा मास्क लावूनच मोजा. दोन, पीएसएनआरमध्ये कमाल पल्ला किती धरला त्यावर सगळे अवलंबून असते, आणि दोन प्रोजेक्टांनी दोन वेगळे पल्ले धरले असतील तर त्यांची तुलना करणे व्यर्थ आहे. चित्र किंचित धूसर केले की पीएसएनआर बहुधा वाढतोच, कारण तो सरासरी चुकीचा हिशेब आहे. एक हरवलेली गाठ त्यात दशांश चिन्हानंतर कुठेतरी बुडून जाते.

डीप लर्निंगकडे वळायचे असेल तर

२०१७ च्या रेड-सीएनएन आणि डीएनसीएनएन या नॉइज काढणाऱ्या नेटवर्कांपासून या वाटेवर खूप काम झाले आहे. २०१८ च्या नॉइज२नॉइजने स्वच्छ चित्राशिवायही शिकता येते हे दाखवले. नवख्याने दोन गोष्टी पाळाव्यात. ट्रेनिंग आणि टेस्ट यांची वाटणी रुग्णानुसार करा, स्लाइसनुसार नव्हे. एकाच रुग्णाची ५० वी स्लाइस शिकायला आणि ५१ वी परीक्षेला ठेवली तर पेपर फुटलाच म्हणायचा. आणि जे नेटवर्क चित्र 'खरेखुरे दिसावे' म्हणून शिकवलेले असते, विशेषतः गॅन, ते नसलेला पोत रचू शकते. पायरी ६ आणि ७ इथे जास्तच कडक लावा. एका कर्नलवर शिकलेले मॉडेल दुसऱ्या कर्नलवर चालेल, असे गृहीत धरू नका.

एमआरआय आणि सोनोग्राफी

एमआरआयच्या मॅग्निट्यूड चित्रातला नॉइज रायशियन असतो. सिग्नल जोरात असतो तिथे तो गाउसियनसारखा वागतो, पण अंधाऱ्या भागात सरासरीच वर ढकलतो. पार्श्वभूमीतल्या हवेचे स्टँडर्ड डेव्हिएशन ०.६५५ ने भागले की खरा सिग्मा मिळतो, हे सूत्र एका कॉइलच्या (सिग्नल पकडणाऱ्या अँटेनाच्या) चित्राला लागू. पॅरलल इमेजिंग (अनेक कॉइल एकत्र वापरणारी पद्धत) असेल किंवा यंत्राने पार्श्वभूमी शून्य करून टाकली असेल तर विसरा. वर्ग केलेल्या चित्रावर फिल्टर चालवून त्यातून सिग्माच्या वर्गाची दुप्पट वजा करायची आणि वर्गमूळ घ्यायचे, ही नेहमीची युक्ती. डायपाय या पायथन लायब्ररीत रायशियनसह नॉन लोकल मीन्स तयार आहे. क्रम मात्र लक्षात ठेवा: आधी नॉइज, मग रीसॅम्पलिंग आणि रजिस्ट्रेशन. इंटरपोलेशनने नॉइजचा स्वभाव एकदा बदलला की त्याला पकडणे अवघड होते.

सोनोग्राफीतला स्पेकल, म्हणजे ठिपकेदार पोत, ऊतकांमधूनच जन्मतो आणि त्यांची थोडी माहिती बाळगतो, त्यामुळे तो पूर्ण काढणे हे उद्दिष्टच चुकीचे. तिथे ली फिल्टर किंवा स्पेकलसाठी केलेले डिफ्यूजन वापरतात. आणखी एक खबरदारी: रुग्णाचे नाव सोनोग्राफीत अनेकदा चित्राच्या पिक्सेलमध्येच छापलेले असते, हेडर पुसून ते जात नाही.

शेवटचे काम : जतन करणे

मूळ मालिकेवर लिहू नका. नवी सिरीज यूआयडी (ओळखक्रमांक), प्रत्येक स्लाइसला नवी एसओपी इन्स्टन्स यूआयडी, इमेज टाइपमध्ये 'डिराइव्ह्ड' आणि सिरीज डिस्क्रिप्शनमध्ये फिल्टरचे नाव व सेटिंग लिहा. आकडे गोल करून १६ बिट पूर्णांकात आणा, इंटरसेप्ट उलटा लावायला विसरू नका. रुग्णालयातला डेटा असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि नावगाव पुसणे हे काम सुरू होण्याआधीचे, नंतरचे नव्हे. आणि कोणा डॉक्टरांना दाखवायचे असेल तर मूळ आणि फिल्टर केलेली मालिका नावे झाकून, क्रम उलटसुलट करून द्या, आणि 'कोणती छान दिसते' याऐवजी 'गाठी कुठे आहेत आणि माप किती' एवढेच विचारा.